अपडेटनंतर कॉम्प्युटर सुरूच होत नाही? विंडोज मारण्याआधी हे करून बघा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट विंडोजची सुरक्षा अपडेट्स सोडते. तिकडे पॅसिफिक किनाऱ्यावर सकाळचे १० वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे आपल्या मशीनवर अपडेट उतरतं ते बुधवारी किंवा त्यानंतर. मग दुरुस्तीवाल्याला फोन जातो, "काल बंद करताना अपडेट होत होतं, आज चालूच होईना." बऱ्याचदा पलीकडून उत्तर येतं, "घेऊन या, विंडोज मारावं लागेल."

विंडोज मारायचं म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकायचं. डेस्कटॉपवर टाकलेल्या फाइली, डाउनलोड्स, डीटीपीवाल्यांचे फॉन्ट, प्रिंटर आणि थंब मशीनचे (अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र) ड्रायव्हर, म्हणजे ती यंत्रं चालवणारी सॉफ्टवेअर, सगळं त्यात जातं. डेटा परत मिळाला तरी मशीन पूर्वीसारखं कामाला लावण्यात एक अख्खा दिवस मोडतो. अपडेटमुळे अडकलेल्या मशीनला इतक्या टोकाला न्यायची गरज सहसा पडत नाही. फक्त क्रम पाळायचा. मशीन कुठे अडकलंय ते आधी ओळखायचं, मग फाइली बाहेर काढायच्या आणि दुरुस्तीला हात त्यानंतर घालायचा.

इथे विंडोज १० किंवा ११ असलेला डेस्कटॉप गृहीत धरला आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण दुकानांत आणि घरांत ते अजून भरपूर चालू आहे आणि दुरुस्तीचा मेनू दोन्हींत जवळपास सारखाच आहे.

खरंच अडकलंय का?

"वर्किंग ऑन अपडेट्स, ३०%" यावर तासभर थांबलेलं मशीन बंद पडलेलं असेलच असं नाही. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर हे काम दोन-दोन तास चालू शकतं. स्क्रीनवरच्या टक्क्यांकडे बघू नका, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बघा. पॉवरच्या दिव्याशेजारी एक बारका दिवा असतो, बहुतेकदा लाल नाहीतर पिवळसर. तो हार्डडिस्कचा. तो अनियमितपणे लुकलुकत असेल तर आत लिहिणं-वाचणं चालू आहे. हात लावू नका, चहा घ्या. अर्धा-पाऊण तास तो पूर्ण विझलेला असेल किंवा एकसारखा जळत असेल आणि टक्केही हललेले नसतील, तर मशीन अडकलं असं समजायला हरकत नाही.

दुसरी तपासणी नम लॉकची. की-बोर्डवरचं ते बटण दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन जिवंत आहे, कदाचित फक्त चित्र दिसत नाहीये. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि काळी स्क्रीन कधीकधी तेवढ्यावरच उजळते.

कुठे अडकलंय?

पॉवरचं बटण दाबल्यावर काय दिसतं, त्यावर पुढचा रस्ता ठरतो. शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. काही मेसेज क्षणभरच दिसतात, आणि पुढे कोणाला विचारायची वेळ आली तर "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" यापेक्षा व्हिडिओ कितीतरी जास्त सांगतो.

पंखाच फिरत नाही, किंवा पंखा फिरतो पण मदरबोर्ड कंपनीचा लोगोही येत नाही, अशा वेळी विंडोजचा विचार सोडून द्या. मशीन अजून विंडोजपर्यंत पोचलेलंच नाही. अडचण वीज, रॅम, केबल किंवा बोर्डाची आहे.

लोगो येतो आणि मग काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा मेसेज येतो, तेव्हा बायोसला (मशीन सुरू करून देणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) डिस्क दिसत नाहीये किंवा तो चुकीच्या जागी विंडोज शोधतोय.

लोगोखाली गोल फिरणारे ठिपके येऊन मशीन तिथेच थांबतं, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं किंवा एरर स्क्रीन येते, तेव्हा विंडोज सुरू व्हायला निघालेलं असतं आणि वाटेत पडतं. अपडेटचा खरा संशयित प्रकार हा. एरर स्क्रीन निळीच असेल असं नाही. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ती काळी येऊ लागली आहे. तिच्यावरचा एरर कोड टिपून ठेवा.

पासवर्ड टाकल्यानंतर काळी स्क्रीन आणि माउसचा बाण एवढंच दिसत असेल तर जीव भांड्यात पडू द्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, नवीन टास्क चालवण्याचा पर्याय घ्या आणि तिथे इंग्रजीत एक्सप्लोरर टाइप करून एंटर मारा. डेस्कटॉप बऱ्याचदा समोर येतो आणि मग अपडेट आतूनच काढता येतं.

आधी कॅबिनेट

अपडेटवर खापर फोडण्याआधी दहा मिनिटं इथे घालवा. अपडेट झाल्यावर मशीन रीस्टार्ट होतं आणि महिनोन्‌महिने दबून राहिलेला हार्डवेअरचा दोष नेमका रीस्टार्टलाच वर येतो. दोष जुना, नाव अपडेटचं.

प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, थंब मशीन, डिजिटल सहीचा डोंगल, जे जे मागे-पुढे खोचलंय ते सगळं काढा. की-बोर्ड, माउस आणि मॉनिटर एवढंच ठेवा. विसरलेला पेन ड्राइव्ह हे "बूट डिव्हाइस नाही" या मेसेजचं अगदी नेहमीचं कारण आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावलेली आहे ना तेही बघा. कॅबिनेट साफ करताना ती मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये गेली असेल तर मॉनिटर "नो सिग्नल" म्हणत बसतो.

मशीन लोगोच्याही आधी अडत असेल तर रॅम काढून बसवा. स्विचबोर्डवरून वीज बंद करा, मागची वायर उपटा आणि पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचं झाकण काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा आणि रॅमच्या टोकाचे खटके बाजूला दाबा. पट्टी वर उचलली जाते. खालच्या कडेला सोनेरी दात असतात. काळसर झालेले असतील तर शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने एकाच दिशेने हलक्या हाताने घासा आणि रबराचे कण झटकून टाका, ते खाचेत पडता कामा नयेत. पट्टी बसवताना तिच्या मधली खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर "कट्ट" असा आवाज येईपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

आता मदरबोर्डवरची ती नाण्यासारखी गोल बॅटरी, सीआर २०३२. घड्याळवाल्याकडेही मिळते. आपल्याकडे काम झालं की स्विचबोर्डवरचं बटण बंद करायची सवय आहे, त्यामुळे रात्रभर बायोसची सेटिंग्ज याच बॅटरीवर टिकून असतात आणि काही वर्षांत ती संपते. संपली की बायोस कारखान्यातल्या सेटिंग्जवर परत जातो. डिस्क वाचण्याचे एएचसीआय आणि रेड (RAID) असे दोन मोड असतात, डिस्क एकातून दुसऱ्यात जाऊ शकते. मशीन सुरू करण्याच्या जुन्या, लेगसी पद्धतीने टाकलेलं विंडोज असेल तर नुसती नवी यूईएफआय पद्धत चालू होते आणि ते विंडोज सुरू होत नाही. परिणाम दिसायला हुबेहूब अपडेटने बिघडल्यासारखाच. ओळखायची खूण सोपी आहे. डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा आणि तारीख बघा. कित्येक वर्षांपूर्वीची तारीख असेल तर बॅटरी बदला, तारीख नीट करा आणि डिस्कचा मोड पूर्वीसारखा करा. तो आधी कुठला होता ते आठवत नसेल तर एक मोड लावून सुरू करून बघा, नाही जमलं तर दुसरा. यात डेटा जात नाही. मात्र बायोसमधली डिस्कची यादी पूर्ण रिकामी असेल तर आधी केबल बघा आणि मग डिस्क गेली असण्याची तयारी ठेवा.

दुरुस्तीच्या मेनूत शिरणं

हार्डवेअर ठीक आहे आणि मशीन ठिपक्यांवर किंवा एरर स्क्रीनवर पडतंय, तर विंडोजचा दुरुस्तीचा मेनू उघडायचा. विंडोज लागोपाठ सुरू व्हायला चुकलं की हा मेनू आपोआप येतो. नाहीच आला तर मुद्दाम आणावा लागतो. मशीन सुरू करा, ठिपके दिसले की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. पुन्हा तेच करा. तिसऱ्या वेळेला "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" असं येतं. त्याला चालू द्या. मग निळ्या स्क्रीनवर "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" दिसेल. स्क्रीनवर टक्के दिसत असताना मात्र हा प्रयोग करायचा नाही.

मेनू आला पण माउस-की-बोर्ड मेलेलेच, असं झालं तर गांगरू नका. विंडोज ११ च्या १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने नेमकं हेच केलं होतं. विंडोजमध्ये चालणारे यूएसबी माउस आणि की-बोर्ड दुरुस्तीच्या मेनूत चालेनात. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला त्यावर तातडीचं अपडेट काढलं, पण ज्याचं मशीन सुरूच होत नव्हतं त्याला ते कसं मिळणार? डेस्कटॉपवाल्यांना इथे एक सोय आहे. मागे जांभळं किंवा हिरवं-जांभळं गोल पीएस २ पोर्ट असेल तर अडगळीतला जुना की-बोर्ड काढून मशीन बंद असताना तिथे लावा. तो चालतो. नाहीतर दुसऱ्या मशीनवर बनवलेल्या विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून मेनू उघडा. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लागतो. हा ड्राइव्ह एरवीही बनवून कपाटात ठेवावा असं माझं मत आहे.

बिटलॉकरने चावी मागितली तर

बिटलॉकर म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. दुरुस्तीच्या मेनूआधी किंवा थेट सुरू करतानाच तिची निळी स्क्रीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर अनेक मशीनवर अशी स्क्रीन आली होती. "आम्ही कधी असं काही लावलंच नव्हतं" हे त्यावरचं नेहमीचं वाक्य. पण नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की विंडोज डिस्क आपणहून कुलूपबंद करू शकतं, आणि तेव्हा चावी त्याच खात्यात जमा होते.

मोबाइलवरून त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरा, डिव्हाइसच्या यादीत बिटलॉकरच्या चाव्या शोधा. चाव्या एकाहून जास्त असतील तर स्क्रीनवर दिसणाऱ्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून योग्य ती घ्या. मशीन घेताना दुकानदाराने त्याच्याच किंवा भलत्याच ईमेलने खातं उघडून दिलं असेल तर आधी त्याला गाठा. ऑफिसचं मशीन असेल तर आयटीवाल्यांना. ही चावी नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कोणालाही काढता येत नाही. "काढून देतो" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका.

दुरुस्तीआधी फाइली बाहेर

बहुतेक मार्गदर्शक इथे थेट दुरुस्तीला सुरुवात करतात. मी थांबायला सांगेन. "ट्रबलशूट", "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" आणि मग "कमांड प्रॉम्प्ट" उघडा. काही वेळा तुमच्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो. तिथे पिन नाही, पूर्ण पासवर्ड लागतो. काळ्या खिडकीत इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर मारा. साधं नोटपॅड उघडतं. त्यातल्या फाइल मेनूत "ओपन" घ्या, खाली फाइलचा प्रकार "ऑल फाइल्स" करा. आता समोर जी खिडकी आहे, तीच तुमची फाइल एक्सप्लोरर.

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्डडिस्क लावा. यूझर्सच्या फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स असतात. त्यावर राइट क्लिक करून कॉपी करायचं आणि पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट. किती टक्के झालं हे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. ती मोकळी होईपर्यंत थांबायचं. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात. नेहमीचा सी इथे डी किंवा ई दिसेल. विंडोज आणि यूझर्स हे दोन्ही फोल्डर ज्यात दिसतील तो खरा सी. ते अक्षर लिहून ठेवा, पुढे लागेल.

हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा अनेकांचा सी ड्राइव्हवरच पडलेला असतो. तो विसरू नका.

आता अपडेट काढायचं

फाइली हातात आल्या की मन निवांत होतं. आता "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स"मध्ये परत या.

पहिल्यांदा "स्टार्टअप रिपेअर". तो फार काही दुरुस्त करतो असा माझा अनुभव नाही, पण नुकसानही करत नाही आणि काही मिनिटांचंच काम आहे.

मग खरं औषध, "अनइन्स्टॉल अपडेट्स". इथे दोन पर्याय येतात. "क्वालिटी अपडेट" म्हणजे दर महिन्याचं नेहमीचं अपडेट, आणि "फीचर अपडेट" म्हणजे वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती. गेल्या दोन-चार दिवसांत बिघडलं असेल तर क्वालिटी आधी काढा आणि रीस्टार्ट करा. फीचर अपडेट साधारणपणे १० दिवसांपर्यंतच मागे घेता येतं. त्यानंतर जुन्या आवृत्तीच्या फाइली विंडोज स्वतःच पुसून टाकतं, म्हणून तो निर्णय लांबवू नका.

हे काढता येत नसेल, किंवा काढूनही फरक पडत नसेल, तर "स्टार्टअप सेटिंग्ज"मधून रीस्टार्ट करा आणि ४ दाबून सेफ मोडमध्ये जा, म्हणजे विंडोज फक्त अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर सुरू होतं. सेफ मोडमध्ये मशीन व्यवस्थित चाललं तर विंडोज धड आहे, दोषी बाहेरचा कोणीतरी आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस, हे दोघं पहिले संशयित. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर उघडून "रोल बॅक ड्रायव्हर" करा आणि नुकताच टाकलेला किंवा अपडेट झालेला अँटिव्हायरस काढून बघा. १९ जुलै २०२४ ला जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकदम कोसळली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, तेव्हा दोष विंडोज अपडेटचा नव्हताच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल कारणीभूत होती, आणि अडकून पडलेल्या मशीनवरचा हातचा उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल उडवणं.

त्यानंतर "सिस्टम रिस्टोर". विंडोजने आपल्या सेटिंग्जची जपून ठेवलेली जुनी नोंद म्हणजे रिस्टोर पॉइंट. अपडेटच्या आधीच्या तारखेचा पॉइंट यादीत असेल तर तो निवडा. तुमच्या फाइलींना तो हात लावत नाही. त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर मात्र जातात. यादी रिकामी असेल तर रिस्टोरची सोय बंदच होती असं समजा आणि पुढे चला.

अपडेट अर्धवट लागून लटकलं असेल, म्हणजे दर वेळी "अनडूइंग चेंजेस" म्हणत पुन्हा रीस्टार्ट होत असेल, तर कमांड प्रॉम्प्टमधली एक आज्ञा कामी येते. ती इंग्रजी अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागांसह टाइप करायची. डिसम, मोकळी जागा, स्लॅश इमेज कोलन सी कोलन बॅकस्लॅश, मोकळी जागा, स्लॅश क्लीनअप हायफन इमेज, मोकळी जागा, स्लॅश रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स. यातला शेवटचा शब्द सलग एकच. सीच्या जागी तुम्ही लिहून ठेवलेलं अक्षर घाला. अर्धवट राहिलेली सगळी कामं ती मागे फिरवते. इंटरनेटवर यापुढच्या आज्ञांच्या लांबलचक याद्या सापडतील, बूट सेक्टर नव्याने लिहिणाऱ्या वगैरे. नवख्याने त्यांच्या नादी लागू नये. तिथे ड्राइव्हचं एक अक्षर चुकलं तर नवीनच बिघाड होतो.

विंडोजबरोबर लिनक्स असेल तर

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर दोन्ही सिस्टम असलेल्या अनेक मशीनवर उबुंटूसारखं लिनक्स सुरू होईना. "शिम" आणि "एसबॅट" हे शब्द असलेला सिक्युरिटी पॉलिसीचा मेसेज येऊन मशीन बंद पडायचं. विंडोज मात्र नीट चालायचं. तसा मेसेज दिसला तर बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सिस्टमच सुरू होऊ देणारी सुरक्षा) तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये शिरून ते पूर्ण अपडेट करा आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. बिटलॉकर लावलेलं असेल तर हा बदल करण्याआधी त्याच्या चावीचे ४८ अंक हाताशी ठेवा, कारण सिक्युअर बूट बदललं की विंडोज ते मागतं.

काहीच जमलं नाही तर

मेनूतला "रीसेट धिस पीसी" हा विंडोज मारण्याआधीचा शेवटचा टप्पा. त्यात "कीप माय फाइल्स" निवडलं तर फाइली राहतात, टाकलेली सॉफ्टवेअर जातात. "क्लाउड डाउनलोड" घेतलं तर ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसला असाल तर हे लक्षात असू द्या.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर फक्त कॅबिनेट न्या, मॉनिटर-वायरी घरीच ठेवा. काढलेला व्हिडिओ आणि एरर कोड दाखवा, आतापर्यंत काय काय करून झालं ते सांगा. एका कागदावर "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" असं लिहून, खाली मोबाइल नंबर टाकून तो कॅबिनेटला चिकटवा. दुकानात दहा कॅबिनेट एका रांगेत पडलेली असतात आणि तुमच्याशी बोललेला माणूस आणि मशीन उघडणारा मुलगा वेगळे असतात.

मशीन सुरू झालं असेल तर त्याच दिवशी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटवर जाऊन "पॉज" दाबा. नाहीतर काढलेलं अपडेट रात्री पुन्हा उतरेल. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, पण दोन-तीन आठवडे पुरतात. तेवढ्यात सदोष अपडेटवर दुरुस्ती यायची शक्यता चांगली असते. कायमचं बंद ठेवू नका, बँकेचे व्यवहार करणाऱ्या मशीनवर तर अजिबात नाही. शोध खिडकीत "क्रिएट अ रिस्टोर पॉइंट" टाइप करून सी ड्राइव्हची प्रोटेक्शन चालू करा. बिटलॉकरची चावी कागदावर उतरवा आणि तो कागद घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावा. पावसाळ्यात वीज येते-जाते त्या दिवसांत यूपीएसची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नसेल, तर अपडेटचं रीस्टार्ट वीज स्थिर असेल अशा वेळेवर ढकला.